उजव्या चाकाचा अ‍ॅक्सल

चाळकऱ्यांनो, सभेची वेळ पुसून फळ्यावर हे लिहितोय.

जखमींना न्यायला ठेवलेल्या आपल्या जुन्या लष्करी जीपचा उजवा अ‍ॅक्सल काल तुटला. तुकडे भंगारात गेले, म्हणून दत्तू फिटरने डावा काढून नमुन्याला नेला आणि तसाच दुसरा आणला. दोन्ही बाजू सारख्याच, असं आम्ही सगळेच धरून चाललो.

आज बसवताना तो बोटभर बाहेर राहिला. "ठोक रे!" मी ओरडलो.

"ठोकून काय होणार? उजवा आखूड असतो वाटतं," दत्तू म्हणाला.

तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. गोळी लागलेल्या तळमजल्यावरच्या महादेवला हातगाडीवरून इस्पितळात न्यावं लागलं. तो वाटेतच गेला.

आता मोर्चावाल्यांचा निरोप आलाय, रात्रीत जीप दुरुस्त करा आणि उद्या अंत्ययात्रेला सजवा. जिवंतपणी उपयोगी पडली नाही, तिला हार घालायचे? मी नाही घालणार. खांदा द्यायला कोण येतंय?