बाबायच्या नावानं छापलेलं पत्र

माह्या बापाच्या नावानं मी एक पत्र पेपरात छापून आणलं. त्यायची सही केली, पाकिटावर तिकीट लावलं अन् बसस्टँडवरच्या पेटीत टाकून दिलं. लोक म्हणतात, आता तरी राग मनातून काढ, म्हातारा माणूस आहे. काहून काढू? मले तेव्हाही पस्तावा नव्हता अन् आजही नाही.

बाबा तहसीलमधून रिटायर झालेले. मारेगावात आमचं घर म्हणजे पेपरात पत्र लिहिणाऱ्याचं घर. जिल्ह्याच्या पेपरात आठ-पंधरा दिवसाआड त्यायचं पत्र येतच येत. नळाले पाणी नाही, पत्र. एसटी उशिरा, पत्र. कापसाच्या गाड्यायची रांग पार वणी रोडपर्यंत गेली, पत्र. घरात आमच्यासारखेच मले-तुले बोलायचे, पण पत्र सांगायले बसले की जीभच बदलून जाय. "महोदय, आपल्या लोकप्रिय दैनिकाद्वारे मी प्रशासनाचे लक्ष वेधू इच्छितो." सांगायचे ते अन् लिहायचो मी. त्यायच्या हाताले कंप सुटलता, चहाची बशीसुद्धा दोन हातानं धरावी लागे. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर, अक्षर देखणं. सुरुवातीले सही तेवढी ते करत. मग तेही जमेना. "तूच कर रे, तुले काय कठीण आहे," म्हणाले. म्हणजे बारा वर्षं पेपरवाल्यायनं त्यायचं अक्षर म्हणून जे पाहिलं, ते माहं होतं.

त्या वर्षायत आमच्याकडं कॅमेरे लय यायचे. कापसाले भाव नव्हता, अन् मोठ्या शहरातल्या चॅनलवाल्यायले रडणारे चेहरे पाहिजे होते. एकदा एक गाडी आमच्याच गल्लीत आली. एका बाईले म्हणे, पदर डोक्यावर घ्या अन् खाली पाहा. तिले हसू आलं, तर म्हणे, हसू नका. बाबायच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दुपारी मले बसवलं अन् सांगितलं, "आम्हाला न भेटता, आमच्याशी न बोलता तुम्ही आमचे एकच चित्र जगाला दाखवता. आम्ही हसतो, भांडतो, एकमेकांना जीव लावतो. ते दाखवायची तुमची हिंमत नाही." लय गाजलं ते पत्र. पानठेलेवाल्यानं कापून ठेल्यावर चिकटवलतं. मलेही बापाचा अभिमान वाटला, खोटं कायले बोलू. लिहिता लिहिता माहे डोळे भरून आलते.

त्या पत्राच्या भरवशावर मी फसलो. वाटलं, जो माणूस एवढं समजते तो माहंही समजून घेईन. मी तेव्हा एकतीस वर्षाचा, घरात लग्नाचा विषय सुरू झालता. एका रविवारी जेवण झालं, आई भांडे घासायले मागं गेली, अन् मी सांगून टाकलं. "बाबा, मले बाई नाही आवडत. पुरुषच आवडतात, पहिल्यापासून. तुम्ही लग्न लावाल तर त्या पोरीचं वाटोळं होईन."

ते पेपर वाचून राह्यलते. पेपर खाली नाही केला. त्याच्या मागूनच म्हणाले, "टीव्हीवर पाहून पाहून भरते हे असं डोक्यात. लग्न झालं की सगळं बरोबर होते. आईजवळ बोलू नको." 

बस, एवढंच. पंधरा दिवसात त्यायनं ढाणकीची पोरगी पाहिली. जुन्या सोबत्याची पोरगी, शिकलेली, नोकरी शोधत होती. पाहायच्या दिवशी तिनं मले सरळ विचारलं, "तुम्हाले काही सांगायचं आहे का?" बाबा बाजूलेच बसलते. मी म्हटलं, नाही. त्याचा राग मले माह्यावरही आहे, पण तो चिमूटभर. बाकी सगळा बाबायवर. लग्न पक्कं झालं.

अन् त्याच महिन्यात टीव्हीवर एक मालिका आली. एका घरातला धाकटा पोरगा आईले सांगते, माह्या मनात एक मित्र आहे. आई थोडी रडते अन् त्याले जवळ घेते. एवढंच दाखवलं होतं, बाप्पा! पण गावात असा गदारोळ, जसं काही कोणी त्यायच्या घरात घुसलं. पानठेल्यावर पोट्टे कमरेवर हात ठेवून त्या नटाची नक्कल करत, अन् तो नट तर काही तसा चालतही नव्हता. स्टाफरूममध्ये गणिताचे सर म्हणाले, अशायले चौकात उभं करून फोडलं पाहिजे. मी सगळ्यायसंग हसलो अन् चहा प्यायलो. काहीजण केबलवाल्याकडं गेले, त्या टायमाले ते चॅनल बंद ठेव म्हणाले. त्यानं ठेवलं. तर दुसऱ्या दिवशी बायाच त्याच्या दारात! माही आईही त्यात होती. "ती माय पुढं काय करते ते पाहू तर द्या," म्हणे. तीन दिवसात चॅनल परत सुरू झालं.

आपल्याच घरची बाई केबलवाल्याच्या दारात गेली, हे बाबायले काही खपलं नाही. मले बसवलं. "लिही. महोदय. अशा विकृत व्यक्तिरेखा घराघरांत दाखवून आपल्या संस्कृतीवर..."

मी पेन थांबवला. "विकृत लिहू, बाबा?"

त्यायनं माह्याकडं पाहिलं. मी काय विचारून राह्यलो ते त्यायले चांगलं माहीत होतं. 

"लिही," म्हणाले. "ठळक लिही."

लिहिलं ठळक. "अशा मुलांचे वेळीच विवाह लावून देणे हाच एकमेव उपाय होय," हेही लिहिलं, माह्या हातानं, माह्या देखण्या अक्षरात. सही केली, पाकीट बंद केलं अन् दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. आतून नुसता जळून राह्यलतो. तिसऱ्या दिवशी शाळेतून आलो, दार लावलं, ते पत्र फाडलं अन् दुसरं लिहिलं.

"महोदय, सध्या गाजत असलेल्या मालिकेतील मुलासारखाच माझा मुलगा आहे. त्याने मला स्वतः सांगितले. तरीही मी त्याचे लग्न ठरवले, कारण मला लोकांची भीती वाटली. आम्हाला न भेटता, आमच्याशी न बोलता आमचे एकच चित्र दाखवले जाते, अशी तक्रार मी याच पानावर केली होती. माझ्या मुलाशी मीही तेच केले. हे लग्न मी मोडत आहे. त्या मुलीची व तिच्या वडिलांची जाहीर क्षमा मागतो." खाली बाबायचं पूर्ण नाव, सेवानिवृत्त, मारेगाव.

त्यायले पोरगा एकच, म्हणजे गोटा माह्याही डोक्यात बसणार होता. हे काय मले कळत नव्हतं? कळत होतं. पण नुसतं लग्न मोडायचं असतं तर मी ढाणकीले जाऊन गुपचूप सांगून आलो असतो. मले बाबायची फजिती पाहिजे होती, त्यायच्याच पानावर, त्यायच्याच नावानं. पेपर ढाणकीपर्यंत जाते, हे तर आणखीच बरं.

बुधवारी छापून आलं. सकाळी बाबा पायरीवर पेपर घेऊन बसले. मी मुद्दाम दारात उभा राह्यलो, मले पाहायचंच होतं. पहिले नाव पाहून खुश झाले. मग वाचलं. मग पहिल्यापासून परत वाचलं. त्यायच्या हातातला पेपर नेहमीच हाले, त्या दिवशी फडफड करायले लागला.

"हे... तू..."

मी म्हटलं, "ठळक नाही छापलं त्यायनं."

गोड वाटलं मले ते बोलताना. गुळाचा खडा तोंडात विरघळावा तसं.

मग लोक सुरू झाले. पहिले एक रिटायर हेडमास्तर आले, बाबायचे दोन्ही हात धरून म्हणाले, "मानलं तुम्हाले! छाती लागते असं लिहायले." बाबायले हो म्हणता येईना अन् नाही म्हणता येईना. दुसरा एक जण फाटकासमोर सायकल थांबवून थुंकला अन् मोठ्यानं म्हणाला, "एक तर घरात असं, अन् वरतून छापूनही आणते!" शाळेत कोणीतरी फळ्यावर माहं चित्र काढलतं, साडी नेसवून. मी खडू घेतला, चित्रातल्या हाताचं प्रमाण चुकलं होतं ते दुरुस्त करून दाखवलं अन् मग पुसलं. गणिताच्या सरायनं स्टाफरूममध्ये आपला कप वेगळा केला. करा म्हटलं, तुमचा कप तुम्हाले लखलाभ.

आईनं ते पत्र कितीतरी वेळ वाचलं. मग बाबायले एकच विचारलं, "त्यानं तुम्हाले सांगितलतं? कधी?" माह्याकडं वळून मले म्हणाली, "अन् मले काहून नाही सांगितलं रे?" दोघायवरही रुसली. स्वयंपाक करून ठेवे अन् एकटीच बाहेर जाऊन बसे.

पोरीच्या बापाचा फोन आला. बाबा घाईघाईनं म्हणाले, "अहो, खोटं आहे ते, कोणीतरी खोडसाळपणा केला." तिकडून उत्तर आलं, छापील वाचलं तर छापीलच खुलासा दाखवा, पंधरा दिवसात; मग पुढचं पाहू. म्हणजे लग्न मोडलं नव्हतं. नुसतं टांगून राह्यलं होतं.

खुलासा मले सांगायची बाबायची हिंमत झाली नाही. स्वतः लिहायले बसले. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून दोन दिवस लिहीत होते. अक्षर असं, की कोंबडीनं पाय फिरवले असावे. स्वतःच चालत जाऊन पेटीत टाकून आले. आठ दिवस गेले, काही छापून येईना. शेवटी पेपरच्या ऑफिसले फोन लावला. मी तिथंच बसलतो, पलीकडचा आवाज मले चांगला ऐकू येऊन राह्यलता.

"साहेब, बरं झालं तुम्ही फोन केला! तुमच्या नावानं कोणीतरी बनावट खुलासा पाठवलाय. आम्ही पाहताक्षणी ओळखलं हो. बारा वर्षांचं तुमचं सुंदर अक्षर आम्ही ओळखत नाही का? फाडून टाकला. तुम्ही बिनधास्त राहा."

"अहो, पण ते..." बाबा म्हणाले, अन् अडकले. ते कोंबडीचं अक्षर आपलं म्हणावं, तर बारा वर्षायची पत्रं कोणी लिहिली? अन् पोरानं लिहिली म्हटलं, तर मग परवाचंही पोरानंच लिहिलं. म्हणजे स्वतःबद्दल ते पोरगाच सांगून राह्यला, हे सिद्ध. बाबायनं फोन ठेवला. मी असा हसलो, असा हसलो, की आई बाहेरून आत आली.

पंधरा दिवसातले दोन उरले तेव्हा त्यायनं मले बोलावलं. "बस. लिही."

मी बसलो. नवा कागद घेतला.

"महोदय. माझ्या नावे प्रसिद्ध झालेले पत्र मी लिहिलेले नाही. तो खोडसाळपणा आहे. माझा मुलगा..." थांबले.

"पुढं?" मी म्हटलं. आई दारात उभी होती.

"माझा मुलगा..."

"बोला ना, बाबा. 'तसा नाही.' दोनच शब्द आहेत. तुम्ही सांगाल तेच लिहीन, एक काना इकडचा तिकडं नाही करणार. पोस्टातही मीच टाकीन. पोरगी घरात येईन, मग तिनं विचारलं की तुम्हाले पहिलेच माहीत होतं का, तर तिले काय सांगायचं, तेही आजच ठरवून ठेवा. बोला. मी लिहायले बसलो आहे."

मी दया केली नाही. तीनदा म्हटलं, बोला. आईकडं पाहिलं त्यायनं, तिनं मान फिरवली. मग ते पत्रातली भाषा विसरले.

"राह्यू दे," म्हणाले. "नको लिहू. ढाणकीले मी सांगतो, नाही जमत म्हणून."

सुटली ती पोरगी. मीही सुटलो. उठत होतो, तर त्यायनं माहा शर्ट धरला. "पण तुहं कसं होईन रे पुढं? आम्ही मेल्यावर तुह्याकडं कोण पाहीन?"

पहिल्यांदा विचारलं त्यायनं. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर मी त्यायच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो असतो अन् सगळं सांगितलं असतं. आहे एक जण. यवतमाळले राहते. तेव्हा चार वर्षं झालती. मले ताप आला की पहिल्या एसटीनं येते, मित्र म्हणून आमच्या घरी दोन दिवस राहते, बाबायसंग कापसाच्या भावावर बोलते. बाबायले तो लय आवडते.

पण मी त्यायच्या हातातून शर्ट सोडवून घेतला अन् म्हटलं, "तुम्हीच शोधा." 

तो अजूनही येते. बाबा आता पत्र सांगत नाही, तो आला की तेवढे बोलतात. परवाच त्याच्या हातानं चहा प्यायले, बशी त्यानंच धरली होती, अन् त्यालेच विचारलं, "तुम्ही तर समजदार आहात. सांगा, म्हातारपणी याच्याकडं कोण पाहीन?" तो माह्याकडं पाहत राह्यला, सांगू का म्हणून. मी मान हालवली, नाही.