साठावरचा काटा

ती केस अजून डोक्यातून जात नाही. मी सातवी शिकलेला माणूस, पोलीस खात्यात जमादार म्हणून रिटायर झालो. नटवून लिहिता येत नाही. बायको गेल्यापासून दिवस लवकर सरत नाही आणि नको तेच आठवत बसतं, म्हणून लिहितो. नाव कुणाचंच घेणार नाही.

मैसूर राज्याचं कर्नाटक होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी हुमनाबाद तालुक्यात होतो. दुबलगुंडीजवळ नाल्याच्या पुलावर एका बाईला सकाळी जीपनं उडवलं. ड्रायव्हर त्याच गावचा, तिशीतला. त्या बाईला तो अक्का म्हणायचा. तो पळाला नाही. तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. बाई वाटेतच संपली. तिथून तो स्वतः ठाण्यात आला.

जीपचा पंचनामा मी केला. मी सांगत गेलो, रायटर कन्नडात लिहीत गेला. समोरची काच फुटलेली, टायर चार, ठीक. टायरच्या कडेला नंबर असतो, तो वाचून घालायचा असतो. मला ते माहीत होतं. पण आकडे चिखलात बुजलेले, ऊन तापलेलं, खाली बसून पुसायचा कंटाळा केला. नंबर घातला नाही. पुढं कोर्टाच्या हुकमानं जीप मालकाला परत गेली.

साक्षीदार म्हणत होते, जीप उडतच आली. ड्रायव्हर एकच सांगायचा.

"काटा साठावर हुता, साहेब. एक रेघ वर न्हाई."

मी त्याला मारलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी आकडा बदलतो, हा माझा अनुभव. हा तीन दिवस साठच म्हणत राहिला. तिथंच मला कळायला हवं होतं. मी ती मुजोरी समजलो.

आणखी एक गोष्ट तो सांगायचा. महिनाभर जीप चढावर टॉप गिअरमध्ये ओढत नव्हती, गुदमरायची. खालचा गिअर टाकला की मागं बसलेली माणसं उशीर होतोय म्हणून ओरडायची. म्हणून पुलाकडं उतरतानाच तो जोर धरायचा, म्हणजे पुढचा चढ टॉपवर निघून जाई. मला वाटलं, हा आता गाडीवर ढकलायलाय.

केसची तारीख जवळ आली तेव्हा मी बाजारात सायकलचं पंक्चर काढायला गेलो. टायरवाला म्हातारा हळूच म्हणाला, "जमादारसाब, त्या जीपची चाकं बघितली का तुमी? मालकानं पावसाळ्यात मोठी बसवली हुती. काळ्या मातीत रुतत न्हाईत. बाई मेल्यावर जीप सुटून आली, तशी उतरवून माझ्याकडं टाकलीत."

मी म्हटलं, मग काय झालं?

"काटा गिअरबॉक्सचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं ते त्याला काय कळतंय?"

मला पटलं नाही. पण ठाण्याची जीप त्याच बनावटीची होती. आधी तिच्याच चाकांवर काटा साठावर धरून किलोमीटरचे दगड मोजले. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत साठ सेकंद, बरोबर. मग ती मोठी चाकं चढवली. काटा साठावरच, आणि दगड आला चोपन्न सेकंदांत. म्हणजे सदुसष्टचा वेग. चढावर आमचा ड्रायव्हर आपणहून म्हणाला, टॉपला ओढंना झालीय.

ठाण्याच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. पंचनामा पुढं सरकवला आणि विचारलं, नंबर कुठाय? मालक म्हणणार, ती चाकं ट्रॉलीची. टायरवाला मालकाच्याच जागेत बसतो, तो कोर्टात यायचा नाही. शेवटी म्हणाले, ड्रायव्हरला गुन्हा कबूल करायला सांग, दंडावर सुटेल.

कोर्टाच्या व्हरांड्यात मी ड्रायव्हरला सगळं सांगितलं.

"म्हंजे मी खोटा न्हाई."

"न्हाईस. पर कबूल कर."

"करतो. तुमी गावात या. अक्काच्या नवऱ्याला तेवढं सांगा. मी माजून चालवत हुतो म्हनायलेत सगळे."

मी येतो म्हटलं. त्यानं कबूल केलं. कोर्टानं वर्षाची सजा दिली.

मी गेलो नाही. गेलो असतो तर माझा पंचनामा सांगावा लागला असता. मग आळंदला बदली झाली, आणि तेच कारण पुरलं. दहा-अकरा वर्षं गेली. बायको वारली. रिकाम्या घरात बसवेना, तेव्हा एक दिवस एसटीनं दुबलगुंडीला उतरलो.

ड्रायव्हर जेलमधून आल्यावर गावात टिकला नव्हता. कुठं गेला कुणाला माहीत नाही. बाईचा नवरा होता. दारात बसून तुरी पाखडत होता. मी सगळं सांगितलं, माझ्यासकट. त्यानं सूप खाली ठेवलं.

"त्या ड्रायव्हरची माय मेली तवा मी खांदा दिला न्हाई," तो म्हणाला. "गावातल्या कुनालाबी देऊ दिला न्हाई. कामून आलास आता?"

खोटं पकडणारा जमादार म्हणून खात्यात माझं नाव होतं. खरं बोलणारा तीन दिवस समोर बसला होता, त्याला मी मारलं. खरं सापडल्यावरही ते खिशात घालून बसलो. बाईच्या नवऱ्याला एक दुःख होतं, मी जाऊन दुसरं दिलं. या केसनं मला एवढंच शिकवलं, आणि ते आता कुणाच्या कामाचं नाही.