पगारे भाऊजींचं अंगण सपाट होताना

किस्से गोळा करायला मी कधी कुठं गेले नाही. आमच्या आणि पगारे भाऊजींच्या मधली भिंत कमरेएवढी आहे, आणि भाजी निवडायला उजेड नेमका तिथंच चांगला येतो. आता कानांना झाकणं नसतात, त्याला मी काय करू? तीन आठवड्यांत एवढं साठलं, की आमचे हे म्हणाले, "सुनंदा, कुणाला तरी सांगून टाक. नाहीतर तुला अपचन होईल."

म्हणून सांगते.

पगारे भाऊजी तीस वर्षं एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात होते, मोठाली मशिनं बसवायच्या कामावर. सगळा जन्म क्वार्टरमध्ये काढला. रिटायर झाल्यावर आमच्या शेजारी घर बांधलं. घर झकास! पण पुढचं अंगण म्हणजे एकीकडं ढिगारा, दुसरीकडं खड्डा आणि मध्ये बांधकामाची उरलेली खडी. आणि त्याच अंगणात तीन आठवड्यांनी प्रज्ञाचं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, लग्न!

नवरदेवाच्या काकांना हे पसंत नव्हतं. त्यांनी सिन्नरला एक लॉन बघून ठेवलं होतं. "लग्नाआधीच्या गुरुवारी मी येऊन बघणार," ते म्हणाले. "अंगण झालेलं असलं तर ठीक. नाहीतर लॉन."

प्रज्ञा एवढंच म्हणाली, "पप्पा, क्वार्टरच्या अंगणात खेळले मी, पण ते आपलं नव्हतं. मला आपल्या दारात लग्न करायचंय."

त्या दिवसापासून भाऊजी दुसरं काही बोलेनात.

* * *

ट्रॅक्टर सुमनताईंच्या भावाचा. सुमनताई म्हणजे पगारे वहिनी. भावाला सगळे अण्णा म्हणतात, सिन्नरकडं शेती करतात. ट्रॅक्टरला मागं लावायची सगळी अवजारं त्यांच्याकडं आहेत, आणि प्रत्येकाबद्दल ठाम मतही आहे.

"आधी नांगर!" अण्णा म्हणाले. "जमीन उलटीपालटी केल्याबिगर सरळ होत नाय."

आमच्या ह्यांनी जन्मात नांगराला हात लावलेला नाही. तेही भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "नांगरच."

मारला नांगर. सकाळी ढिगारा एक होता. संध्याकाळी चाळीस झाले!

भाऊजी म्हणाले, "चार दिवस ऊन खाऊ दे." पाचव्या दिवशी सकाळी बघतात तर अख्ख्या अंगणात हिरवे कोंब. भाऊजी चष्मा लावून उकिडवे बसले. "सुमन, ही मेथी कुठून आली?"

सुमनताईंना माहीत नाही. अण्णांना माहीत नाही. मी खाली मान घालून गवार मोडत होते.

शेवटी म्हटलं, "भाऊजी, एवढी छान नांगरलेली जमीन रिकामी बघवेना हो. दुपारी तुम्ही सगळे झोपला होतात. मूठभरच टाकली!"

* * *

ट्रॅक्टर चालवायला सोपान. चाळिशीचा माणूस, अण्णांच्या गावचा, कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी भाऊजींनी त्याला समोर उभं करून एक कागद दिला.

"हे काय साहेब?"

"वर्क परमिट. कामाचं स्वरूप, धोके, काळजी. सही कर."

सोपाननं सही केली. पॉवर स्टेशनची सवय, दुसरं काय! तिथं मशिनवर माणूस काम करत असला की लाल पाटी लावतात: चालू करू नये. आणि नियम असा, की ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. दुसऱ्या कुणीही हात लावायचा नाही.

मेथीच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी सकाळी खडी वेचायला अंगणात उतरले. त्याआधी त्यांनी ट्रॅक्टरच्या स्टीअरिंगला लाल पाटी बांधली. खडी वेचून झाली, अंघोळ केली, आणि पत्रिका द्यायला पंचवटीत निघून गेले. पाटी तशीच!

दहा वाजता सुमनताई म्हणाल्या, "सोपान, काढ ती पाटी आणि सुरू कर."

"नाय काकू. मी सही केली हाय."

अकराला मी भिंतीवरून हात लांब केला. सोपान ओरडला, "काकू, त्यांनाच काढायची हाय ती!" भाऊजींना फोन लावला तर फोन घरात, टीव्हीच्या कपाटावर वाजतोय.

सोपान दिवसभर ट्रॅक्टरच्या सावलीत बसला. तीन चहा झाले, जेवण झालं, एक झोपही झाली. चार वाजता भाऊजी आले. पाटी बघितली आणि त्यांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू!

"कुणी हात लावला नाही? शाब्बास! आज अपघात शून्य!"

सुमनताई आतून म्हणाल्या, "कामही शून्य!"

* * *

मग अण्णांचं दुसरं अवजार, रोटाव्हेटर. त्याची पाती गरगर फिरतात आणि ढेकळांचा भुगा करतात. "रव्यासारखी करतो जमीन," अण्णा म्हणाले.

आणि खरंच केली! माझी मेथी त्यात गेली, ते सोडा. पण अंगण असं मऊ झालं, की मांजर चाललं तरी पोटापर्यंत जात होतं.

नेमके त्याच दुपारी न सांगता नवरदेवाचे काका आले. पांढरी पँट, काळे चकचकीत बूट. भाऊजी ओट्यावरून ओरडतायत, "थांबा, थांबा, कडेनं या!" पण काकांना वाटलं, स्वागत चाललंय. ते हसत, हात जोडत सरळ आत आले आणि चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत खाली गेले!

अण्णांनी आणि सोपाननं त्यांना दोन्ही काखांतून उचलून ओट्यावर ठेवलं. पाय आले, डावा बूट नाही आला. अर्धा तास शोधला.

काका एका पायावर उभे राहून म्हणाले, "पगारे, आमच्या लॉनवर माणूस निदान वरच राहतो."

प्रज्ञा त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली होती. तिनं ग्लास दिला, अंगणाकडं एकदा बघितलं आणि आत गेली. भाऊजींनी ते पाहिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे मला सुमनताईंनी सांगितलं. म्हणजे मी विचारलं, म्हणून सांगितलं.

* * *

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी अण्णांना बाजूला बसवलं. चार ट्रॉल्या मुरूम मागवला आणि म्हणाले, "आता ब्लेड."

ब्लेड म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं आडवं लावायचं लांबलचक लोखंडी पातं. उंचवट्यावरची माती ओढतं आणि खड्ड्यात नेऊन टाकतं. हेच अवजार पहिल्या दिवशी लागायला हवं होतं, असं सोपान नंतर मला म्हणाला. तेव्हा का नाही म्हणालास, असं मी विचारलं नाही. कारण त्याचं उत्तर मला आधीच मिळालं होतं, ऐका.

ब्लेड सात फूट. फाटक साडेसहा!

सगळी कॉलनी जमली. टेपनं तीनदा मोजलं, जणू चौथ्यांदा कमी भरेल. आमचे हे म्हणाले, "खांब पाडा." ते खांब बांधणारा गवंडी गर्दीतच होता, तो म्हणाला, "पाडून दाखवा!" अण्णा म्हणाले, "ब्लेड कापू." शेवटी ब्लेड सोडवलं, सहा जणांनी उचललं आणि आमच्या फाटकातून, माझ्या वाळत घातलेल्या पापडांवरून, कमरेएवढ्या भिंतीपलीकडं दिलं. भिंतीच्या दोन विटा गेल्या. आमच्या ह्यांची कंबर गेली.

ब्लेड परत ट्रॅक्टरला जोडताना प्रज्ञा तिथं उभी होती. वाकून बघत म्हणाली, "सोपानदादा, ही पिन काढली की ब्लेड तिरकं फिरतं का?"

"फिरतं की ताई."

"तिरकं केलं असतं तर फाटकातून आलं असतं ना?"

"आरामात."

भाऊजी भडकले. "अरे मग आधी का नाही बोललास?"

सोपान म्हणाला, "मला कुनी इचारलं साहेब? सगळी मोठी मानसं बोलत व्हती."

* * *

ब्लेडनं उंचसखलपणा गेला, पण बारीक वळ्या राहिल्या. त्या मोडायला फळी. ट्रॅक्टरच्या मागं जाड लाकडी फळी साखळीनं बांधायची, वर वजन ठेवायचं आणि फिरवायची.

"वजन काय ठेवायचं?" भाऊजींनी विचारलं.

आमचे हे कमरेला शेकायची पिशवी लावून खुर्चीत पडले होते. तिथूनच म्हणाले, "सुनंदा आहे की!"

भाऊजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, चेष्टेनं नाही, हिशेबानं. "एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला सुमन. बॅलन्स बरोबर येतो."

बसलो आम्ही! पदर खोचून, दोन टोकांना दोघी. सोपान हळूहळू फिरवतोय, गार वारा लागतोय. बैलगाडीत बसल्यासारखी मजा. वीस फेऱ्या झाल्या आणि भाऊजी दोरी धरून तपासायला लागले.

"इथं घळ कशी पडली?"

आम्ही दोघी आभाळाकडं बघायला लागलो.

"आणि इथं पण? इथं तर वीतभर!"

सोपान म्हणाला, "साहेब, काकू मधी मधी एकमेकींच्या कानाशी जायच्या. मग सगळं वजन एका अंगाला."

भाऊजींनी घळी मोजल्या. सात. सुमनताई पदरात तोंड लपवून मला म्हणाल्या, "ती पहिली माझ्या नणंदेची. आणि ही वीतभर तुझ्या जावेची!"

* * *

घळी भरून बुधवारी रोलर फिरवला. अंगण असं घट्ट झालं, की वाटी ठेवली तरी टण्ण वाजावी. मग भाऊजींनी पाण्याची नळी काढली, गवंडी लेव्हल बघतात तसली, आणि कोपरा न् कोपरा तपासला. सगळीकडं सारखं. कुठं एक सूत कमी नाही, एक सूत जास्त नाही.

सोपान ट्रॅक्टर घेऊन निघाला होता. जाता जाता म्हणाला, "साहेब, रस्त्याकडं दोन बोटं उतार ठेवा."

"उतार?" भाऊजींना तो शब्दच सहन झाला नाही. "तीस वर्षं मशिनं बसवली मी. आमच्यात उताराला चूक म्हणतात!"

गुरुवारी काका आले, यावेळी चपला घालून. भाऊजींनी काचेची एक गोटी काढली आणि अंगणाच्या मधोमध ठेवली. सगळे श्वास रोखून बघतोय. गोटी जागची हलली नाही. काका खाली वाकले, फुंकर मारली. नाही हलली! "मानलं," काका म्हणाले. "लग्न इथंच."

प्रज्ञानं वडिलांना मिठी मारली. मी पण रडले, कबूल करते.

सोपानला मी नंतर फोनवर गोटीचं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, मुरमावर गोटी कुठंबी ठिवा, कशी हालंल?"

* * *

रविवारी लग्न. पांढरा मांडव, पांढऱ्या चादरी, पुढं बुद्धाची मूर्ती, दीडशे खुर्च्या. एकही खुर्ची डुगडुगत नव्हती. भाऊजी पाहुण्यांना खुर्च्याच हलवून दाखवत होते.

स्वयंपाकाला पाण्याचा टँकर आला होता. त्याचा पाइप टाकीत सोडला होता. तेवढ्यात रस्त्यावर बँड वाजला आणि "नवरदेव आले!" म्हणून सगळे फाटकाबाहेर पळाले. मीही पळाले. सगळ्यांत पुढं होते.

ओवाळणं, फोटो, हसणं-खिदळणं, पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. वळून बघतो तर पाइप टाकीतून निसटून अंगणात पडलेला. अर्धा टँकर अंगणात! तिन्ही बाजूंना भिंत, फाटकाला उंबरा. पाणी कुठं जाणार? ते कुठंच गेलं नव्हतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत आरशासारखं पसरलं होतं. मांडव त्यात उलटा दिसत होता.

बँड थांबला. सुमनताई टँकरची तोटी बंद करायला धावल्या. काकांनी खिशातून फोन काढला, लॉनवाल्याचा नंबर शोधायला लागले. प्रज्ञा पांढऱ्या साडीत ओट्यावर उभी. ती कुणाकडंच बघत नव्हती, फक्त वडिलांकडं.

भाऊजी पाण्याकडं बघत होते. मग त्यांनी पँट दुमडली, आत उतरले, खिशातून पट्टी काढली. एका कोपऱ्यात मोजलं. दुसऱ्या कोपऱ्यात मोजलं. मधोमध मोजलं. पुन्हा पहिल्या कोपऱ्यात गेले.

लग्न लावायला आलेले बौद्धाचार्य म्हातारे होते. फाटकात थांबून त्यांनी विचारलं, "पगारे, कुठं खोल आहे का?"

"नाही साहेब."

बौद्धाचार्यांनी चपला काढल्या आणि पाण्यात पाऊल टाकलं. पलीकडून प्रज्ञानं दोन्ही हातांनी साडी उचलली आणि ओट्यावरून उतरली. नवरदेवानं मोजे काढून खिशात घातले. मग एकामागून एक सगळेच पायताणं हातात घेऊन आत शिरले, आणि दीडशे माणसं खुर्च्यांवर बसली, पाय पाण्यात.

काका तेवढे फाटकात उभे राहिले. नवे बूट होते. भाऊजींना जवळ बोलावून हळूच म्हणाले, "पगारे, मोठ्या माणसांसाठी कुठं कोरडी जागा असेल ना?"

भाऊजींनी पट्टी त्यांच्यासमोर धरली.

"नाही काका. सगळ्यांना एकच इंच!"