वहीतला शेवटचा रकाना

दोन फलंदाज होते. दोघंही आंतरराष्ट्रीय, दोघंही आता निवृत्त. नावं लिहीत नाही. लिहिली की वाचणारे त्यांच्यावरूनच भांडत बसतात आणि माझं म्हणणं राहून जातं. एकाची सरासरी मोठी, दुसऱ्याची बरीच कमी. अमरावतीला संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षी मी या दोघांवर प्रोजेक्ट केलं. पहिल्या मसुद्यात सरासरीवाल्याला बिनदिक्कत वर बसवलं.

तो मसुदा घेऊन सुटीत घरी अकोल्याला गेले. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधतात. शिक्षण सातवी. पण जुन्या शहरातल्या रविवारच्या मॅचेसचा स्कोअर मला कळतं तेव्हापासून तेच लिहितात. त्यांच्या वहीत धावांच्या पुढे एक जास्तीचा रकाना असतो, त्यांनीच आखलेला. किती गडी गेल्यावर हा आला, बाकीच्यांनी मिळून किती केले, जमीन कशी होती. आमची काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते, की भेगेत पडलेला चेंडू एकदा घोट्याशी येतो अन् एकदा कानाशी. तिथले वीस आणि रोलर फिरवलेल्या मैदानावरचे वीस बाबांच्या लेखी सारखे नाहीत. एका कॅप्टननं स्वतःच्या पन्नास धावांपुढचं 'रोलर फिरवला, तीन झेल सुटले' एवढं खोडायला सांगितलं होतं. बाबांनी पेन त्याच्याच हातात दिला. "खोड. अन् खाली सही कर." त्यानं खोडलं नाही.

माझी यादी बाबांनी नीट पाहिली.

"हा वरचा कोठी खेळला?"

"जास्त करून घरच्याच मैदानावर."

"अन् हा खालचा, किती गडी गेल्यावर यायचा?"

मला माहीत नव्हतं.

"त्या दिवशी बाकीच्यायनं किती केले?"

"ते नाही काढलं, बाबा."

"मंग तिथं शिकून काय राहिली वं तू? बेरीज त मलेई येते."

झोंबलं. परत गेले आणि एकेक मॅचचं स्कोअरकार्ड उघडलं. तो आला तेव्हा किती गडी गेले होते, त्याच मॅचमध्ये इतरांनी सरासरी किती केले, त्यांच्या तुलनेत यानं किती. दोन महिने लागले. यादी उलटी झाली.

आमचे सर चांगले होते, पण घाबरट. म्हणाले, "परिस्थितीचा रकाना काढून टाक. बाहेरचे परीक्षक कडक आहेत. तुझा फर्स्ट क्लास याच्यावर अडलाय."

मला ठाऊक होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. फर्स्ट क्लास येणार म्हणून बाबांनी जिनिंगमध्ये आधीच सांगून ठेवलं होतं. तरी रकाना काढला नाही.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "हा रकाना कोणत्या ग्रंथातून घेतला?"

"बाबांच्या स्कोअरच्या वहीतून, सर."

"ते प्राध्यापक आहेत?"

"गाठी बांधतात."

त्यांच्या शेजारी बसलेले हसले. परीक्षक म्हणाले, "संख्याशास्त्रात भावनेला जागा नसते."

"याच्यात भावना नाही, सर. सारे आकडेच आहेत, फक्त तुमच्यापेक्षा जास्त. तुम्ही कोणतीही एक मॅच काढा, मी इथंच मोजून दाखवते."

त्यांनी काढली नाही. फर्स्ट क्लास थोडक्यात गेला.

घरी आले तर बाबाच भडकले. "काढून टाकला असता त काय बिघडलं असतं? माह्या वहीपायी तुहा क्लास गेला ना!"

"तुमी खोडलं होतं काय त्या कॅप्टनसाठी?"

बाबांनी वही ओढली, कोऱ्या ओळीवर माझी टक्केवारी लिहिली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"पुढचं तू लिही. जमीन कशी होती थे."

मी लिहिलं: 'सलामीला आली. भेगा होत्या. झेल एकही सुटला नाही.'

आणि खाली सही केली.