पासबाईंचा डावा डोळा

पासबाई घाबरट होत्या. हे वाक्य मी लालबागच्या छापखान्यात मोठ्याने म्हटलं असतं तर सगळ्यांनी मला वेड्यात काढलं असतं, कारण तिथली यच्चयावत माणसं बाईंना घाबरायची. बाई गाळ्यात शिरल्या की मोबाइलवरची गाणी बंद व्हायची आणि ज्याला काम नसेल तो उगाच फडकं घेऊन काहीतरी पुसत सुटायचा. पण मी त्यांच्या शेजारी उभी असायचे, त्यामुळे मला त्यांचा हात दिसायचा. मशीनमधून कागद निघून उतरत्या टेबलावर, पांढऱ्या उजेडात पसरला की तो हात थरथरायला लागायचा. अशा वेळी चहा पुढे केला तर त्या मानेनेच नको म्हणत.

गिरगावातल्या आमच्या प्रकाशनात त्या पुस्तकांची निर्मिती बघायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली मांडणी करायचे. रंगीत पुस्तक छापताना कागदावर रंग नीट बसला की कुणीतरी तो डोळ्यांखालून घालून कोपऱ्यात 'पास' लिहावं लागतं, खाली सही करावी लागते. मग मशीन जे सुटतं ते सुटतं, हजारो कागद त्याच रंगाचे निघतात. ती सही बाईंची असायची, म्हणून छापखान्याने त्यांचं नाव पासबाई ठेवलं. बाईंना ते ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, "कुणाला शिव्या दिल्या तर माणूस विसरतो गं. छापलेलं कोण विसरणार? रद्दीत गेलं तरी भेळ खाताना कुणीतरी बघतोच."

पासच्या दिवशी त्या पांढरी नाहीतर राखी साडी नेसायच्या. रंगीत कपड्याची झाक कागदावर पडते आणि डोळा फसतो, असं त्यांचं म्हणणं. छापखान्यात नवीन आलेल्या एका मुलीने त्यांच्या घरी कुणी गेलंय की काय, असं मला हळूच विचारलं होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा लाल कुर्ता घातला होता. बाईंनी मला मशीनवाल्या परबकाकांचा शाईने माखलेला करडा डगला चढवायला लावला आणि दिवसभर तसंच उभं ठेवलं. शाई धुवायच्या रॉकेलचा वास अंगाला दोन दिवस येत होता.

त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटायची ती कौतुकाची. एखाद्या पुस्तकाची छपाई छान झाली असं कुणी म्हणालं, की बाई ते पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसायच्या आणि चूक शोधायच्या. "एवढं चांगलं म्हणतायत, म्हणजे कुठेतरी माती खाल्लेली असणार," असं पुटपुटत पानं उलटायच्या. दुसरी भीती डॉक्टरांची, त्यातही डोळ्यांच्या. त्यांच्या आईचा एक डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता आणि दुसरा तिने डॉक्टरला दाखवलाच नाही. माहीमच्या जुन्या घरात ती माउली शेवटची काही वर्षं भिंतीला हात लावत फिरायची. घरातला नंबरचा चष्मासुद्धा बाई दुकानातूनच बदलून आणत, डॉक्टरची पायरी चढत नसत.

मग झाडांचं पुस्तक आलं. गिरगावातल्या एका कारकुनाने आयुष्यभर मुंबईतल्या फुलणाऱ्या झाडांची चित्रं काढली होती. पांगारा, तामण, सोनमोहोर, बहावा. बाईंनी ती चित्रं फार वर्षांपूर्वी, ते गृहस्थ हयात असताना, त्यांच्या घरी पाहिली होती. तेव्हा पैशाअभावी पुस्तक बारगळलं. आता त्यांच्या कन्या शुभदाताई तयार झाल्या, पण चित्रांचे कागद फार नाजूक झाले होते, त्यामुळे त्यांनी चित्रं घराबाहेर काढू दिली नाहीत. स्कॅन करणारा माणूस त्यांच्याकडे जाऊन आला. बाईंना चित्रं पुन्हा बघायची गरजच वाटली नाही. एकदा पाहिलेला रंग त्या डोक्यात ठेवायच्या, त्याबद्दल त्यांची ख्याती होती, आणि ही चित्रं तर त्यांनी मन लावून पाहिली होती.

छापायच्या दिवशी समोर प्रूफ होतं, म्हणजे स्कॅनवरून काढलेला रंगाचा नमुना. बाईंनी ते बाजूला सारलं. "एवढी पिवळी नव्हती चित्रं. मी पाहिलीयत. पिवळा उतरव, परब."

परबकाकांनी पिवळ्या शाईचा जोर उतरवला. बाई म्हणाल्या, अजून उतरव.

"बाई, आता आजून उतरवलो तर झाडां फिकी पडतली," परबकाका चाचरत म्हणाले.

"मला दिसतंय ना," बाई म्हणाल्या. ते वाक्य आलं की विषय संपायचा. काकांनी पिवळा अजून खाली घेतला आणि बाईंनी 'पास' लिहिलं.

देशभरातल्या प्रकाशकांची एक संस्था दरवर्षी पुस्तकनिर्मितीला बक्षिसं देते. मजकुराला नाही, तर मांडणी, चित्रं, छपाई, बांधणी या सगळ्याला मिळून. त्या वर्षी पहिलं बक्षीस झाडांच्या पुस्तकाला मिळालं. दादरच्या एका सभागृहात समारंभ होता. बाई माझ्या आणि शुभदाताईंच्या मध्ये बसल्या होत्या. परीक्षकांचं निवेदन कुणीतरी वाचून दाखवत होतं: या पुस्तकातल्या प्रत्येक चित्रात पहाटेचा निळसर गारवा आहे, तो छपाईत इतका हळुवार उतरवणं फार थोड्यांना जमतं.

शुभदाताई तोंडावर रुमाल धरून हसायला लागल्या. "अगं बाई, बाबा आणि पहाट! आठच्या आत कधी उठले नाहीत. ऑफिस सुटलं की झाडाखाली जाऊन बसायचे. सगळी संध्याकाळची चित्रं आहेत ती, उन्हं उतरतानाची."

त्या सहज बोलून गेल्या. छपाईत रंग थोडा इकडेतिकडे होतच असेल, असं त्या बिचाऱ्या समजून चालल्या होत्या. बाईंनी मात्र माझं मनगट धरलं. तेवढ्यात व्यासपीठावरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्या उठल्या, पायऱ्या चढल्या, मानचिन्ह घेतलं, वाकून नमस्कारही केला. चेहरा हरवलेलं माणूस कसं चालतं ते मी खाली बसून बघत होते.

टॅक्सीत माहीमपर्यंत त्या एकच गोष्ट बोलल्या. "संध्याकाळ होती गं ती. मला आठवतेय ना. मी संध्याकाळच छापली होती."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ऑफिसात बाई मधेच एखादा कागद समोर धरायच्या आणि खालच्या आवाजात विचारायच्या, "हा पांढरा आहे की क्रीम?" मी पांढरा म्हटलं की कागद खाली ठेवायच्या. एकदा त्यांनी भिंतीचा रंग विचारला. मला उत्तर द्यायची भीती वाटायला लागली. मोतीबिंदू म्हणजे धुरकट दिसतं एवढंच मला माहीत होतं. आधी सगळ्यावर पिवळी छटा चढते, आणि ती इतकी हळूहळू चढते की ज्याचा डोळा त्यालाच कळत नाही, हे बाईंनी स्वतःच वाचून काढलं आणि मला सांगितलं. जगाचा पिवळेपणा वाढला होता तो त्यांच्या डोळ्यात, आणि त्यांनी तो कागदावरून काढून टाकला होता.

बक्षिसामुळे आवृत्ती हातोहात संपली आणि पुन्हा छापायचं ठरलं. आमचे प्रकाशक मनोहरराव खुशीत होते. "बाई, डिट्टो तसंच हवं. बक्षिसाची प्रत समोर ठेवायची नि मॅच करायचं, बस." दुसऱ्या दिवशी बाईंनी मला डॉक्टरकडे सोबत यायला सांगितलं.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत निघाला; आधी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. ऑपरेशनच्या खोलीबाहेर हिरवा गाऊन घालून बसलेल्या बाई एवढ्याशा दिसत होत्या. मी धीर द्यायला गेले तर म्हणाल्या, "डोळा गेला तर गेला, आईचाही गेला होता. पण नजर परत आली तर? मग सगळं दिसेल गं मला." मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

नजर परत आली. काही दिवसांनी त्या ऑफिसात आल्या, काळा चष्मा काढून ठेवला, झाडांचं पुस्तक उघडलं आणि डावा डोळा तळहाताने झाकला. बराच वेळ बघितलं.

"शी," म्हणाल्या. "गारठून गेलीत गं झाडं."

मग त्या उठल्या आणि कपाटातून आपली अलीकडची एकेक पुस्तकं काढून तशीच बघत राहिल्या. कुठलं बिघडलंय, कुठलं वाचलंय, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. बक्षीस देणाऱ्या संस्थेला त्यांनी फोन मात्र केला. पलीकडचे गृहस्थ भले होते. बक्षीस जी प्रत आली तिला आहे, ती सुंदरच आहे, मनाला लावून घेऊ नका, असं म्हणाले. बाईंना शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

दुसऱ्या आवृत्तीच्या दिवशी बाई राखी साडी नेसून आल्या. शुभदाताईंच्या हातापाया पडून बहाव्याचं मूळ चित्र त्यांनी आणवलं होतं. परबकाकांनी बक्षिसाच्या प्रतीशी रंग जुळवून ठेवला होता, मनोहररावही आले होते. बाईंनी डावा डोळा झाकून एकदा चित्राकडे आणि एकदा कागदाकडे पाहिलं.

"पिवळा चढव, परब."

मनोहरराव पुढे झाले. "अहो बाई, काय करताय? बक्षीस या रंगाला मिळालंय! कव्हरवर शिक्का टाकतोय आपण."

"बक्षीस माझ्या मोतीबिंदूला मिळालंय, मनोहर," बाई म्हणाल्या. "शिक्का टाकायचा तर माझ्या कपाळावर टाक."

ज्या माणसांना इतकी वर्षं धाकात ठेवलं त्यांच्यासमोर हे बोलताना बाईंचा आवाज फाटला होता. परबकाकांनी पिवळा चढवला. पुढचा कागद निघाला, त्यावर उन्हं कललेली होती. मनोहररावांनी तो कागद उजेडाखाली धरून पाहिला आणि शिक्क्याचा विषय सोडून दिला. बाईंनी 'पास' लिहिलं. यापुढची सही मी करायची, हे त्यांनी जिना उतरताना सांगितलं आणि त्या रात्री मला ताप भरला.

त्या पुन्हा मशीनवर आल्या नाहीत. डाव्या डोळ्याचं ऑपरेशनही त्या पुढे ढकलत राहिल्या. मोतीबिंदू पिकत चाललाय, अजून थांबलात तर डोळ्यावर दाब येऊन नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांची भाची मला फोन करून रडायची. मी रागावूनच माहीमला गेले. बाई खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर पहिल्या आवृत्तीची प्रत होती आणि त्यांनी चांगला, उजवा डोळा झाकून घेतला होता.

"बाई, काय चाललंय हे? आईसारखं व्हायचंय का तुम्हाला?"

"ओरडू नको. उद्याची तारीख घेतलीय." त्यांनी मान वर केली नाही. "या डोळ्याने बघितलं ना, की शुभदाच्या वडिलांकडे पाहिली होती तश्शी दिसतात गं चित्रं. मी चूक केली नव्हती, या डोळ्यापुरती तरी. हे बघ, बहावा कसा पिवळाधमक आहे."

मी वाकून पाहिलं. मला पानावर फिकुटलेली फुलं आणि मागे निळसर, थंड पहाट दिसत होती. मी हो म्हणाले.

"तुला नाही दिसायचा," बाई म्हणाल्या आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "उद्यापासून मलाही नाही."