दुर्गाबाईंचा पेचकस

जुनी मोटर जळालेली, नवी येऊन पडलेली, आणि दोहोंच्या मध्ये एक स्क्रू अडून बसलेला. दीक्षाच्या तीन संध्याकाळी त्याच्यापायी गेल्या होत्या. रिमोटवर पळणारा तिचा हातभर लांब ट्रक दोन स्क्रूंनी मोटर धरून होता. एक निमूट निघाला. दुसऱ्याच्या डोक्यातली सहा कोनांची खाच पाना फिरवून फिरवून पार गोल झाली.

रविवारी अमरावतीला शर्यत होती. गेल्या खेपेला तिथेच, दुसऱ्या फेरीत, ट्रकमधून धूर निघाला आणि मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, पोराची गाडी पोरालेच चालवू द्या ना." दीक्षाला मूल नव्हतं. गाडी तिची होती, स्वतःच्या पगारातून घेतलेली. "पुढच्या महिन्यात येते," एवढंच म्हणून ती निघून आली होती.

शेवटी शुक्रवारी ती अकोल्याच्या ऑफिसातून घरी न जाता, ट्रक पिशवीत घालून, बार्शीटाकळीला सासूकडे गेली. चार वर्षांत तिने हा ट्रक दुर्गाबाईंना दाखवला नव्हता. पण अडलेला स्क्रू काढणारं दुसरं माणूस तिला माहीत नव्हतं.

दुर्गाबाई शिवणकाम करत. मशीन दुरुस्त करायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. एका वर्षी दीक्षाभूमीला जाणाऱ्यांचे बावीस पांढरे झब्बे शिवायचे होते, हातात आठ दिवस होते, आणि मशीन जाम झालं. अकोल्याचा मिस्त्री रोज 'उद्या येतो' म्हणायचा. चौथ्या दिवशी दुर्गाबाईंनी मशीन चटईवर आडवं केलं, निघेल तो स्क्रू क्रमाने परातीत मांडला आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा शिवायला बसल्या. तेव्हापासून आसपासच्या बायका आपापली मशीनं त्यांच्याकडेच आणू लागल्या.

"काय आणलं वं?"

दीक्षाने ट्रक काढून कापड बेतायच्या टेबलावर ठेवला. आता विचारतील, तिला वाटलं, घरात लेकरू नाही अन् हे काय. दुर्गाबाईंनी चष्मा नाकावर ओढला.

"हा स्क्रू निघूनच नाही राहिला, आई. अन् परवा शर्यत हाये."

"कोनाची?"

"माही."

दुर्गाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा ट्रककडे. "तेल टाकलं असशीन?"

"रोज."

"गंजच नाही तं तेल काय करीन?" त्यांनी स्क्रूच्या कडेचा पांढुरका पापुद्रा नखाने खरवडला. "हे चपला चिकटवाचं हाये. धर्मेंद्रचं काम ना?"

दीक्षाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी तिचा नवरा म्हणाला होता, तुझी गाडी लय खिळखिळते, म्या पक्की करून ठेवली. ती त्याला थँक्यू म्हणाली होती.

"लहानपनी त्यानं कपाटाची कडी अशीच पक्की केली होती," दुर्गाबाई म्हणाल्या. "आठ दिवस एकाच साडीवर होती मी. जाय, चहा ठेव."

चहाशेजारच्या शेगडीवर त्यांनी लोखंडी सळईचं टोक लाल केलं. आजूबाजूच्या प्लास्टिकवर ओल्या चिंध्या दाबल्या आणि टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. चपलेच्या दुकानासारखा वास सुटला. मग करवतीच्या पातळ पात्याने त्या गोल डोक्यावर आडवी खाच पाडली. त्यांचे पेचकस सायकलचे आरे घासून केलेले होते. एक खाचेत घातला, किंचित हलला. काढून दगडावर घासला. पुन्हा घातला, पुन्हा घासला. चहा गार झाला. तिसऱ्या वेळी पेचकस खाचेत असा बसला की हात सोडला तरी उभाच राहिला.

"आई, उलटं फिरवून राहिल्या!"

"मालूम हाये मले."

दुर्गाबाईंनी तळहाताने भार देऊन स्क्रू आधी केसभर आवळला. कट् असा बारीक आवाज आला. मग त्यांनी हात उलटा वळवला आणि तीन संध्याकाळी अडून बसलेला तो स्क्रू डोळ्यांदेखत वर येऊ लागला. दीक्षा चहा गरम करायला उठली.

नवी मोटर तिच्यासोबत आलेल्या स्क्रूंनी बसवणं चालू असताना धर्मेंद्र दीक्षाला न्यायला आला. "अरे वा, निघाला? कोनं काढला?"

"ज्यानं चिकटवला त्याच्या मायनं," दुर्गाबाई म्हणाल्या.

धर्मेंद्र ओशाळून हसला आणि मदतीला म्हणून पान्याकडे हात नेला. दुर्गाबाईंनी त्याच्या हाताखालून पाना उचलून सुनेपुढे धरला.

"तू आवळ. बसन तेवढाच. शर्यतीची धूळ काढाले सोमवारी आपल्याले पुन्हा खोलाचा हाये."