पाय सरळ होईनात

"तात्या गेलं. लवकर चला, पाय सरळ हुईनात." कुंडलहून आलेल्या माणसानं कोरेगावात माझ्या दारात उभं राहून दोन्ही बातम्या एका दमात सांगितल्या. त्याला महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायची रीत मला ठाऊक आहे. पण माझ्या या चुलत्यांना गोड कधी मानवलंच नाही.

तात्या फौजेतून हवालदार होऊन परतले ते गावच्या पोरांना भरतीसाठी घडवायचं वेड घेऊनच. सकाळी सोप्यात सतरंजी पडायची. पाय लांब करून बसायचं, अंगठे धरायचे आणि तात्या पाठीत गुडघा रोवून हिसके द्यायचे... "यक! दोन!" कपाळ गुडघ्याला टेकेपर्यंत सुटका नाही. त्यांचे मेहुणे गणूमामा आष्ट्याच्या तालमीतले वस्ताद. ते एकदा म्हणाले, "दाजी, हिसका नगं. श्वास सोडायचा, थोडं वाकून थांबायचं. अंग आपणहून सैल सुटतंय." "म्हशीचं कातडं हाय व्हय, भिजत घालायला?" तात्या म्हणाले. पोरं हसली, मीही हसलो.

बांगलादेशची लढाई संपली त्यानंतर साताऱ्याला भरती निघाली. आदल्या सकाळी तात्यांनी सर्जेरावला, आपल्या एकुलत्या एका मुलाला, जरा जास्तच दाबलं. मांडीमागं कापड फाटावं तसं काहीतरी झालं. भरतीत धावताना तो अर्ध्यातच खाली बसला. "आईवर गेलंय, मऊ," तात्या सगळ्यांदेखत एवढंच बोलले. सर्जेराव आजही लंगडतो.

पुढं तात्यांना अर्धांगवायू झाला. सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं, पाय रोज हळूहळू ताणा, नाहीतर आखडतील. गणूमामा तेलाची वाटी घेऊन आले, तर तात्या बोबड्या जिभेनं ओरडले, "हिसका द्या, न्हाईतर हात लावू नगा!" "बरं," सर्जेराव म्हणाला. त्यानं बापाला जेवू घातलं, अंग पुसलं, पण पाय शेवटपर्यंत ताणले नाहीत. गुडघे पोटाशी येत गेले आणि तो बघत राहिला.

मी पोचलो तेव्हा तात्या तिरडीवर मावत नव्हते. गणूमामा तेल लावून बघत होते. सर्जेरावनं त्यांना बाजूला सारलं, आखडलेल्या पायांवर आपला गुडघा रोवला आणि अगदी तात्यांच्या आवाजात म्हणाला, "यक! दोन!" हाड वाजलं तशा बाया बाहेर पळाल्या. मग तिथंच बसून तो तेच पाय कितीतरी वेळ चोळत राहिला...

परवा गेलो तर सोप्यात तीच सतरंजी अंथरलेली. सर्जेराव पाय लांब करून बसला होता. श्वास सोडून हळूच वाकला. बोटं अंगठ्याच्या वीतभर अलीकडं थांबली. मागं न बघताच मला म्हणाला, "पाठीत गुडघा दे रं गड्या. तात्या द्यायचं तसा."